उसने आणि चोरलेले

रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ सालापासून नारळ संशोधन केंद्र आहे. तेथे तयार झालेल्या संकरित नारळाच्या नोंदीत त्याचे आईबाप दिलेले असतात: गंगाबोंडम ही ठेंगू जात आणि पूर्व किनाऱ्यावरची उंच जात. आईबाप सांगितल्याने झाडाचे नवेपण उणावत नाही. लेखनात मात्र आपण उगम सांगायला कचरतो. मग उसनवारी कोठे संपते आणि चोरी कोठे सुरू होते?

हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त दोन कवींच्या रचनांतील साम्याचे तीन प्रकार केले. पहिले साम्य आरशातील प्रतिबिंबासारखे. त्याला स्वतःचा प्राण नसतो. दुसरे चित्रासारखे, त्यातला प्राण क्षीण. ही दोन्ही त्याज्य. तिसरे, दोन माणसे सारखी दिसावीत तसे. चेहरा मिळताजुळता, पण जीव वेगळा. त्याला आनंदवर्धनाची हरकत नव्हती.

ही कसोटी गोविंद बल्लाळ देवलांना लावून पाहू. त्यांच्या सात नाटकांपैकी स्वतंत्र कथानकाचे एकच, ‘शारदा’ (१८९९). ‘संशयकल्लोळ’चा उगम मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनात (१६६०) आहे. त्यावरून आर्थर मर्फी यांनी इंग्रजी नाटक (१७६१) लिहिले. त्यावरून देवलांचे गद्य ‘फाल्गुनराव’ (१८९३) झाले आणि १९१६ साली त्याला संगीत रूप मिळाले. तसबिरीचा घोटाळा तोच राहिला. पण देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे, म्हणून तिच्या लग्नाचा प्रश्न इथल्या समाजाचा होतो. पात्रांची नावेही महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून आली. चेहरा परका असला तरी जीव मराठी आहे.

कायद्याचा प्रश्न यापेक्षा वेगळा. मोलिएरच्या नाटकावर आज कोणाचा स्वामित्वहक्क नाही, तरी ते आपले म्हणून छापणे चोरीच. उलट, हक्क शिल्लक असलेले पुस्तक लेखकाचे नाव देऊनही परवानगीवाचून छापता येत नाही. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली स्पष्ट केले, की हक्क कल्पनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो.

वर्गात आपण ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ म्हणतो. मुले शब्द बदलतात. वाक्यांचा क्रम आणि उदाहरणे पुस्तकातलीच ठेवतात. हे आनंदवर्धनाचे ‘चित्र’ झाले. त्यापेक्षा पुस्तक मिटून लिहायला सांगावे, उदाहरण आपल्या गावातले घ्यायला सांगावे आणि शेवटी ‘हे कोठून घेतले’ अशी एक ओळ लिहून घ्यावी. त्या ओळीलाही गुण ठेवावेत. प्रकल्पाच्या वहीत उगम प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या मुलाचे गुण ‘पाहून लिहिले’ म्हणून कापले, तर पुढच्या वेळी तो उगम लपवील. तेव्हा चोरी त्याला आपणच शिकवलेली असेल.