संत योसेफ कालासान्स आणि गरिबांच्या मुलांची विद्या

धर्मग्रामाचा महोत्सव म्हणजे मागें वळून पाहण्याचा दिवस. मंदिर कोणीं उभारलें, घंटा कोणीं दिली, वेदी कोणीं सजविली, हें आपण अशा प्रसंगीं कृतज्ञतेनें आठवतों, व तें योग्यच आहे. परंतु शेजारच्या गरिबाच्या मुलाला संध्याकाळीं जवळ बसवून ज्यांनीं त्याचा हात धरून अक्षर गिरवून घेतलें, त्यांचीं नांवें कोणत्याही शिलालेखावर सांपडत नाहींत. या सेवेलाही इतिहास आहे, आणि तो आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाचाच भाग आहे. तो येथें थोडक्यांत सांगावा, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १५९२ सालीं स्पेन देशांतील आरागोन प्रांताचे एक विद्वान धर्मगुरु रोम शहरीं आले. त्यांचें नांव योसेफ कालासान्स. १५८३ सालीं त्यांना गुरुदीक्षा मिळाली होती. रोमला येण्यांत त्यांचा हेतु फार मोठा नव्हता. एखादें मानाचें व उत्पन्नाचें पद मिळवावें आणि मायदेशीं परतावें, एवढाच बेत होता. कार्डिनल कोलोन्ना यांच्या वाड्यांत त्यांची राहण्याची सोयही झाली. परंतु तेथील ख्रिस्ती धर्मशिक्षण मंडळाच्या सभासदांबरोबर ते सुटीच्या दिवशीं मुलांस शिकवूं लागले, गोरगरिबांच्या वस्तींत फिरूं लागले, आणि तेथें जें दृष्टीस पडलें त्यामुळें परत जाण्याचा विचार मागें पडला.

रोममध्यें विद्येची वाण नव्हती. येशूसंघाचें रोमन कॉलेज १५५१ सालापासून चालू होतें, आणि तेथें फी घेत नसत. मग गरिबाच्या मुलास अडचण कसली? अडचण ही कीं, तेथील शिक्षण लॅटिन व्याकरणापासून सुरू होई. ज्यास लिहितां-वाचतां येत नाहीं त्याचा तेथें शिरकाव नव्हता. लिहिणें-वाचणें शिकविणारे पंतोजी शहराच्या प्रत्येक भागांत होते. पण त्यांचें वेतन तुटपुंजें, म्हणून ते मुलांकडून फी घेत. कालासान्स यांनीं प्रथम या पंतोजींस विनविलें. ते म्हणाले, वेतन वाढल्यावांचून जमणार नाहीं. व्रतस्थ संघांस विचारलें. त्यांनीं आपापल्या नियमांकडे बोट दाखविलें. कॉलेजचें दार उघडें होतें. दारापर्यंत पोंचविणारी पायरी मात्र कोणीच बांधीत नव्हतें.

तेव्हां ती पायरी त्यांनीं स्वतः बांधावयास घेतली. १५९७ सालीं टायबर नदीपलीकडील ट्रास्टेव्हेरे या भागांत सांता दोरोतेया मंदिराच्या धर्मगुरूंनीं आपल्याकडील दोन खोल्या दिल्या. मंडळाचे दोघे सभासद हाताशीं होते. फी नाहीं, मुलाच्या गरिबीबद्दल त्याच्या धर्मग्रामाच्या गुरूचा दाखला मात्र पाहिजे. युरोपांतील पहिली मोफत लोकशाळा म्हणून इतिहासकार बहुधा हिचाच निर्देश करतात. १५९८ सालच्या नाताळांत टायबरला भयंकर पूर आला व शहराची दैना उडाली. तरी शाळा मोडली नाहीं. १६०० सालीं ती शहराच्या मध्यभागीं आली, आणि १६१२ सालीं सान पान्तालेओ येथें तिला कायमचें घर मिळालें. तोंवर मुलांची संख्या हजाराच्या आसपास गेली होती.

एवढीं मुलें एकट्यानें सांभाळलीं जात नाहींत. गास्पार द्रागोनेत्ती नांवाचे वयोवृद्ध धर्मगुरु लॅटिन शिकवावयास आले. मिलान शहराच्या उमराव घराण्यांतील ग्लिचेरियो लांद्रियानी या तरुणानें आपलें धन शाळेस वाहिलें व १६१८ सालीं मरण येईपर्यंत सेवा केली. व्हेंतुरा साराफेल्लिनी हे तर प्रापंचिक गृहस्थ. संत पेत्राच्या महामंदिराच्या घुमटाखालील भव्य अक्षरें ज्यांनीं रेखिलीं, तेच हे अक्षरलेखक गरिबांच्या मुलांचें वळण घटवीत आणि त्यांना हिशेब शिकवीत. कालासान्स स्वतः वर्ग झाडीत. शाळा सुटल्यावर अध्यापक मुलांना रांगेनें घरोघर पोंचवीत, म्हणजे वाटेंत कोणी बिघडूं नये.

शाळेचे वर्ग पायरीपायरीनें चढत जात. ज्यास लौकर पोटास लागावयाचें, त्यास सुंदर हस्ताक्षर व हिशेब. ज्याची बुद्धि पुढें धांवे, त्यास लॅटिन, म्हणजे तो कॉलेजास जाण्यास लायक व्हावा. येथेंच वाद पेटला. गरिबाच्या मुलानें प्रार्थना शिकावी, फार तर सही करावी. लॅटिन त्याला कशाला? सगळेच शिकले तर नांगर कोण धरील, जोडे कोण शिवील? या आक्षेपांस तत्त्वज्ञ कांपानेल्ला यांनीं १६३१ च्या सुमारास लॅटिन ग्रंथ लिहून उत्तर दिलें. कालासान्स यांनीं उत्तर दिलें तें कृतीनें. फ्लोरेन्स येथील त्यांच्या कांहीं अध्यापकांनीं गालिलेओ यांच्याजवळ गणिताचा अभ्यास केला. आणि १६३९ सालीं, गालिलेओ शिक्षा भोगीत असतां व दृष्टि गमावून बसले असतां, त्यांच्या सोबतीस रात्रीं राहण्याची परवानगी कालासान्स यांनीं आपल्या एका अध्यापकास दिली. गरिबाच्या मुलास शिळी विद्या वाढावयाची नाहीं, ही त्यांची धारणा होती.

परंतु उत्सवाच्या पुस्तकांतही सत्य झांकूं नये. १६२१ सालीं या मंडळीस व्रतस्थ संघाचा दर्जा मिळाला, आणि पुढें संघ भराभर वाढला. मुलांशीं गैरवर्तन करणाऱ्या एका अध्यापकास घालवून देण्याऐवजीं वरच्या पदावर हलविण्यांत आलें, व संस्थेची अब्रू जपण्यासाठीं प्रकरण बाहेर फुटूं दिलें नाहीं. या निर्णयांत खुद्द कालासान्स यांचाही भाग होता. तोच मनुष्य १६४३ सालीं संघाचा प्रमुख झाला, आणि वृद्ध संस्थापक अधिकारावरून दूर झाले होते. अंतर्गत कलह वाढला. १६४६ सालीं पोप दहावे इनोसंट यांनीं संघाचा दर्जा काढून घेतला. २५ ऑगस्ट १६४८ रोजीं कालासान्स वारले, तेव्हां त्यांच्या हयातीचें कार्य मोडकळीस आलेलें होतें.

तें नाहींसें झालें नाहीं. १६५६ सालीं त्यास पुन्हां मान्यता मिळाली, व १६६९ सालीं संघाचा पूर्ण दर्जा परत आला. १७६७ सालीं कालासान्स यांस संतपद देण्यांत आलें. १९४८ सालीं पोप बारावे पायस यांनीं त्यांना ख्रिस्ती लोकशाळांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें.

या इतिहासांतून आम्हांस दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली ही कीं, दार उघडें ठेवल्यानें काम संपत नाहीं. आज शिष्यवृत्त्या आहेत, महाविद्यालयेंही आहेत. तरी ज्या घरांत कॉलेजची पायरी आजवर कोणीं चढलेली नाहीं, तेथील मुलास अर्ज कसा भरावा, कोणती शाखा घ्यावी, इंग्रजी पुस्तक कसें वाचावें, हें सांगणारें माणूस लागतें. निवृत्त शिक्षक, कचेरींतील कारकून, कॉलेजांत शिकणारी मुलगी, यांपैकीं प्रत्येकानें आठवड्यांतून दोन घटका दिल्या, तरी ती पायरी बांधली जाते. सांता दोरोतेयाचा आरंभ दोन खोल्यांपासूनच झाला.

दुसरी ही कीं, शिकविणाऱ्याच्या पुण्याईपेक्षां शिकणाऱ्या मुलाची सुरक्षितता मोठी. संस्थेची अब्रू मुलाच्या अश्रूंवर उभी राहत नाहीं. संताच्या हातूनही ही चूक झाली, म्हणून आपण अधिक जागृत राहिलें पाहिजे.

आपल्या धर्मग्रामाच्या पुढील महोत्सवीं मंदिराच्या देणगीदारांबरोबर अशा शिकविणाऱ्यांचीं नांवेंही वाचलीं जावोत, हीच प्रभुचरणीं आमची प्रार्थना.