विमान-देखभालीतील काटकसर आणि रिक्त पदे : अलास्का एअरलाइन्स अपघाताचा (२०००) एक अभ्यास

प्रस्तावना

उद्योगसंस्थेने केलेली खर्चकपात ताळेबंदात दिसते. तिचे परिणाम मात्र त्याच पानावर सहसा दिसत नाहीत. हवाई वाहतूक हे क्षेत्र या बाबतीत वेगळे आहे. तेथे अपघातानंतर देखभालीची जुनी दप्तरे उघडली जातात आणि वर्षानुवर्षांपूर्वीचे निर्णय तपासले जातात. ३१ जानेवारी २००० रोजी मेक्सिकोतील प्वेर्तो व्हायार्ता येथून सॅन फ्रान्सिस्कोमार्गे सिअ‍ॅटलकडे निघालेले अलास्का एअरलाइन्सचे एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाकापा बेटाजवळ समुद्रात कोसळले. विमानातील सर्व ८८ जण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेमागील व्यवस्थापकीय निर्णयांचा क्रम मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९७८ पर्यंत विमानभाडे व मार्ग शासकीय मंडळ ठरवीत असे. त्या वर्षीच्या कायद्याने हे नियंत्रण उठविण्याचा मार्ग खुला झाला आणि कंपन्यांमध्ये भाड्याची स्पर्धा सुरू झाली. १९९३ च्या अखेरीस साउथवेस्ट एअरलाइन्सने मॉरिस एअर ही कंपनी विकत घेऊन वायव्य अमेरिकेत प्रवेश केला, तेव्हा अलास्का एअरलाइन्सलाही या स्पर्धेला तोंड द्यावे लागले. खर्च कमी करणे आणि प्रत्येक विमान दिवसाकाठी अधिक तास उडविणे, हे दोन मार्ग तिने अवलंबिले.

१९७८ मध्येच देखभालशास्त्रातही महत्त्वाचा बदल झाला. युनायटेड एअरलाइन्सचे नोलन व हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी सिद्ध केलेल्या अहवालात असे दाखविले, की अनेक भागांच्या बिघाडाचा त्यांच्या वयाशी थेट संबंध नसतो. त्यामुळे ठरावीक मुदतीने सर्व काही उघडून पाहणे नेहमीच हितकारक नसते. म्हणजे देखभालीची मुदत वाढविणे हा मुळात हलगर्जीपणा नव्हे. मात्र अशी वाढ प्रत्यक्ष अनुभवाच्या नोंदींवर आधारलेली असावी, ही त्यामागील अट होती.

मुदतवाढीचा क्रम

विमानाच्या शेपटीवरील आडवा स्थिरक एका लांब स्क्रूच्या साहाय्याने वरखाली होतो. हा स्क्रू ज्या नटमधून फिरतो त्याचे आटे तुलनेने मऊ धातूचे असतात. त्यांना वेळोवेळी ग्रीस मिळाले नाही, तर ते झिजतात. या कंपनीत ग्रीस देण्याची मुदत टप्प्याटप्प्याने वाढत गेली. १९८७ मध्ये ही मुदत ५०० उड्डाण-तास होती; ती १९८८ मध्ये १०००, १९९१ मध्ये १२०० आणि १९९४ मध्ये १६०० तासांवर गेली. १९९६ मध्ये तासांची मर्यादाच काढून आठ महिन्यांची मुदत ठरविण्यात आली. कंपनीच्या तेव्हाच्या विमानवापरानुसार ती सुमारे २५५० तासांची होत होती. आट्यांची झीज मोजण्याची मुदतही ५००० तासांवरून सुमारे ९५५० तासांपर्यंत वाढली.

यातील एकही पायरी लपूनछपून चढलेली नव्हती. फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या नियामक संस्थेची त्यांना मान्यता होती. विमान-उत्पादकांच्या बाजूच्या शिफारशीही १९९६ मध्ये ३६०० तासांपर्यंत सैल झाल्या होत्या. प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या तुलनेत लहानच वाटे. पण ५०० व २५५० हे दोन आकडे शेजारी ठेवले, की मुदत पाचपटींहून अधिक झालेली दिसते.

सप्टेंबर १९९७ मध्ये ओकलंड येथील तळावर याच विमानाच्या नट व स्क्रू यांमधील ढिलाई ०.०४० इंच, म्हणजे कमाल मर्यादेइतकी, भरली. भाग बदलण्याची शिफारस झाली. पुढच्या पाळीतील फेरमोजणीत ०.०३३ इंच हा आकडा आला आणि विमान सेवेत परतले. पुढील मोजणीची मुदत मार्च २००० मध्ये येणार होती. अपघातापूर्वीचे शेवटचे ग्रीस सप्टेंबर १९९९ मध्ये दिल्याची नोंद होती. उत्पादकांच्या अंदाजाने या कामास सुमारे चार तास लागतात. संबंधित तंत्रज्ञाच्या सांगण्यानुसार ते एका तासात झाले होते.

रिक्त खुर्ची

हा सगळा हिशेब एकत्र पाहणे हे कोणाचे काम होते? अमेरिकी नियमांनुसार प्रत्येक मोठ्या विमान कंपनीत देखभाल संचालक हे पद आवश्यक असते. अपघातानंतर एप्रिल २००० मध्ये झालेल्या विशेष तपासणीत असे आढळले, की हे पद जवळजवळ दोन वर्षे रिक्त होते आणि त्याचे काम वाटून दिलेले होते. सुरक्षा संचालकाकडेही इतर जबाबदाऱ्या होत्या. पर्यवेक्षण करणाऱ्या शासकीय कार्यालयाची स्थितीही वेगळी नव्हती. त्याच्या सिअ‍ॅटल येथील पथकात मनुष्यबळाची टंचाई गंभीर झाल्याचे नोव्हेंबर १९९९ मध्येच लेखी कळविण्यात आले होते.

‘अतिरिक्त कार्यभार’ हा शब्दप्रयोग आपल्याही परिचयाचा आहे. अशा व्यवस्थेत रोजच्या सह्या थांबत नाहीत, म्हणून पद रिकामे असल्याचे जाणवत नाही. थांबते ते केवळ मागे वळून पाहण्याचे काम.

समारोप

राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २००२ मध्ये अपुरे वंगण व त्यातून झालेली आट्यांची अतिझीज हे कारण निश्चित केले. वाढविलेल्या मुदती, त्यांना मिळालेली मान्यता आणि रचनेत पर्यायी आधार नसणे यांचाही त्याने निर्देश केला. केवळ काटकसरीस दोषी ठरविणे म्हणूनच अपुरे होईल. तथापि मुदती वाढत असताना त्यांची बेरीज करणारी पदेच रिक्त राहिली, हा या इतिहासातील मुख्य धडा होय. अपघातानंतर अवघ्या काही दिवसांत नियामक संस्थेने ग्रीस देण्याची मुदत ६५० तासांवर आणली. त्यासाठी कोणताही नवा शोध लागावा लागला नाही.