विश्लेषण रसायनशास्त्र : प्रबंधाची कसोटी आणि उसाचा दर

पदार्थात कोणते घटक आहेत आणि ते किती प्रमाणात आहेत, हे ठरविणारी शाखा म्हणजे विश्लेषण रसायनशास्त्र. या शाखेतील पीएच.डी. संशोधनाची गुणवत्ता मुख्यत्वे मापनपद्धतीवर जोखली जाते. उत्तर अचूक आहे का, पुन्हा मोजल्यास तेच येते का आणि इतर घटकांच्या गर्दीतून नेमका हवा तोच घटक टिपता येतो का, या तिच्या कसोट्या होत. लगतच्या अणुरसायनशास्त्रात उत्कृष्ट प्रबंधासाठी प्रा. ह. जी. आर्णीकर यांच्या नावाचा पुरस्कार आहे. आर्णीकर पुणे विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते.

या कसोट्यांचे व्यवहारातील मोल ऊसपट्ट्यात कळते. कोल्हापूर जिल्ह्यातील बिद्री येथे श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आहे. उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) कारखान्याच्या साखर उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर असून, त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ मिळते. म्हणजे १०० टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ०.१ टक्क्याचा फरक ३,४६० रुपयांचा असतो.

पोत्यांत भरलेली साखर वजनावर मोजता येते. प्रक्रियेत असलेल्या रस-पाकातील आणि मळी, चिपाडातून वाया जाणाऱ्या साखरेचा हिशेब मात्र प्रयोगशाळेवर अवलंबून असतो. तेथे ध्रुवणमापी वापरतात. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल किती वळविते, त्यावरून ‘पोल’ काढला जातो. १०० मिलिलिटर द्रावणात २६ ग्रॅम शुद्ध साखर असेल, तर प्रमाणित मापनात वाचन १०० येते.

अडचणी दोन आहेत. शिळ्या उसात जिवाणूंमुळे तयार होणारे डेक्स्ट्रान साखरेपेक्षा कितीतरी अधिक प्रकाश वळविते. त्यामुळे पोल फसवा वाढतो. शिवाय गढूळ रस निवळण्यासाठी परंपरेने वापरले जाणारे शिशाचे क्षार विषारी असतात. म्हणूनच शिसेविरहित निवळके, अवरक्त प्रकाशावरील ध्रुवणमापन आणि शर्करा वेगवेगळ्या करून मोजणारी क्रोमॅटोग्राफी यांवर संशोधन झाले आहे. हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो. त्यामुळे येथे अचूकतेइतकेच पद्धतीचे झटपट, स्वस्त आणि निर्धोक असणेही महत्त्वाचे ठरते.