एका रेणूचा डायोड

बहुतेक सेंद्रिय पदार्थ वीज वाहू देत नाहीत; तारेवरचे प्लॅस्टिकचे वेष्टन याच गुणामुळे कामाचे ठरते. १९७३ मध्ये टीटीएफ आणि टीसीएनक्यू या सेंद्रिय संयुगांच्या मिश्र स्फटिकात मात्र धातूसारखे वीजवहन आढळले. पुढच्याच वर्षी आयबीएममधील एरी अविराम आणि न्यूयॉर्क विद्यापीठातील मार्क रॅटनर यांनी ही जोडी एकाच रेणूत बांधण्याची कल्पना मांडली. टीटीएफ इलेक्ट्रॉन सहज देते, टीसीएनक्यू सहज घेते. मध्ये संपृक्त कार्बनचा पूल ठेवला, की डायोडप्रमाणे प्रवाह एका दिशेने वाहावा आणि उलट दिशेने अडावा. हे सारे कागदावरचे गणित होते, आणि खरी अडचण गणितात नव्हतीच. एवढ्याशा रेणूला दोन्ही बाजूंनी तार जोडायची कशी?

उत्तराला दोन दशके लागली. १९९७ मध्ये मार्क रीड आणि जेम्स टूर यांच्या गटांनी लवचिक पट्टीवर खाच पाडलेली सोन्याची तार बसवली आणि बेंझीनडायथायॉलच्या द्रावणात पट्टी वाकवत ती तोडली. तुटल्या टोकांना रेणू गंधकाच्या अणूने चिकटले. द्रावक उडून गेल्यावर टोके पुन्हा जवळ आणली, तेव्हा एक नॅनोमीटरहून कमी फटीतून प्रवाह मोजता आला. फटीत रेणू एकच होता की अनेक, हा वाद मात्र मिटला नाही.

मोजमाप असे डळमळीत असताना बेल लॅब्जमधील यान हेंड्रिक शॉन यांनी रेणूंच्या थरापासून ट्रान्झिस्टर बनवल्याचे जाहीर केले. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत अनियमित चढउतारसुद्धा हुबेहूब सारखे निघाले. चौकशीत लबाडी सिद्ध झाली आणि २००२ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले.

विषय सावरला तो कष्टाळू पद्धतीने. २००३ मध्ये ॲरिझोनात शू आणि ताओ यांनी सोन्याचे टोक सोन्याच्या पृष्ठभागावर टेकवून मागे ओढण्याची क्रिया पुन्हा पुन्हा केली आणि सगळ्या मोजणीचा आयतालेख काढला. एका मापनावर भिस्त ठेवण्याचे दिवस संपले. याच मार्गाने २००६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात लता वेंकटरामन आणि सहकाऱ्यांनी बायफेनिल रेणूंतील दोन वलये एकमेकांशी जितकी पिळलेली, तितकी वाहकता कमी, हे दाखवले.

२०१५ मध्ये त्यांच्याच गटाने दोन दिशांच्या प्रवाहांत २०० पटींहून अधिक फरक दाखवणारा एकरेणू डायोड केला. गंमत अशी, की त्यातला रेणू दोन्ही बाजूंनी सारखाच होता. दिशाभेद आला तो भोवतालच्या आयनयुक्त द्रावणामुळे आणि दोन विद्युतअग्रांच्या असमान क्षेत्रफळामुळे.