चाहतानिर्मित गेम आणि प्रताधिकार

चाहतानिर्मित गेम म्हणजे एखाद्या कथेवर, नाटकावर वा चित्रपटावर चाहत्याने बेतलेला व्हिडिओ गेम. प्रताधिकार अधिनियम, 1957 नुसार रूपांतराचा हक्क प्रताधिकारधारकाचा असतो. गेम फुकट वाटला तरी तो हक्क संपत नाही. साहित्यकृतीचा प्रताधिकार लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो. नाशिककर वि. वा. शिरवाडकर 1999 मध्ये निवर्तले. त्यामुळे त्यांच्या ‘नटसम्राट’ नाटकातील (1970) अप्पासाहेब बेलवलकरांना गेममध्ये आणायचे, तर 2059 अखेरपर्यंत परवानगी हवी. ज्या ‘किंग लिअर’शी या नाटकाचे नाते सांगितले जाते, ते शेक्सपिअरचे नाटक मात्र सर्वांना खुले आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘लंकादहन’ (1917) हा मूकपटही मुक्त आहे. नुसत्या कल्पनेवर प्रताधिकार नसतो. तिच्या मांडणीवर असतो. श्रेयनामावलीत लेखकाचे नाव देणे पुरेसे नाही. आधी विचारणे हाच त्याचा खरा मान.