सायकल एक, मान दोन

पुणे म्हणजे सायकलींचे शहर, ही ओळख जुनीच. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिन करण्यासाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी निघाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले. पाळी सुटली की हँडलला डबा अडकवून कामगार मुंबई रस्त्याला लागत. त्यांच्याच हातांनी पुढे आकुर्डीस स्कूटरी आणि पिंपरीस मालमोटारी बनल्या.

आता चाकणच्या रस्त्यावर पाहा. महागड्या सायकलीवर, डोक्यावर शिरस्त्राण घालून कोणी निघाला, तर मोटारवाला पुष्कळदा बाजूने जपून जातो. डबा घेऊन कामावर निघालेल्याच्या मागे मात्र हॉर्न वाजवीत सुटतो. वास्तविक कामगाराला दुसरा रस्ताच नसतो.

गुरुजी, मुलांना एवढे अवश्य सांगा: उद्या मोटार चालवाल, तेव्हा दोघांपासूनही सारखेच अंतर ठेवा.