सरत्या वर्षाचा हिशेब आणि हास्य : नेदरलँड्समधील वर्षअखेरीच्या विनोदी भाषणाची परंपरा (१९५४ ते २०२०)

प्रस्तावना :

राजकीय इतिहासाच्या अभ्यासात संसदेतील भाषणे, करारनामे, वृत्तपत्रे व शासकीय अहवाल यांना साधन म्हणून मान्यता आहे. लोकांना हसविण्यासाठी रचलेली भाषणे मात्र बहुधा मनोरंजनाच्या कक्षेत ढकलली जातात. वस्तुतः एखादा समाज कशाला हसतो, कोणाला हसतो आणि कोणत्या विषयावर हसण्याचे टाळतो, यावरून त्या समाजाच्या सत्तासंबंधांचा बोध होऊ शकतो. या दृष्टीने नेदरलँड्समधील वर्षअखेरीच्या विनोदी भाषणाची परंपरा विशेष अभ्यसनीय ठरते. दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री एक कलावंत रंगमंचावर एकटा उभा राहतो आणि सरत्या वर्षातील घटना, मंत्री, राजघराणे, श्रीमंत व सामान्य नागरिक या सर्वांचा विनोदाच्या अंगाने समाचार घेतो. डच भाषेत या प्रकारास 'आउदयार्स-कॉन्फेरान्स' असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या परंपरेचा उगम, विकास व तिच्यातील स्थित्यंतरे यांचा आढावा घेतला असून, हे हास्य सत्तेला जाब विचारते की तिला सुसह्य करते, या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :

या प्रकाराचे मूळ कॅबरे या कलाप्रकारात आहे. आपल्याकडे 'कॅबरे' या शब्दास हॉटेलातील नृत्याचा अर्थ चिकटला आहे. परंतु नेदरलँड्समध्ये गाणी, निवेदन व सामाजिक उपहास यांनी युक्त अशा रंगमंचीय प्रयोगास ही संज्ञा लावली जाते. १८८१ मध्ये पॅरिस येथे 'ल शा न्वार' हे कॅबरे सुरू झाले. १८९५ च्या सुमारास एदुआर्द याकोब्स याने अ‍ॅमस्टरडॅममध्ये हा प्रकार रुजविला आणि पुढे झाँ-लुई पिसुइस याने त्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. दोन गाण्यांच्या मध्ये प्रेक्षकांशी संवाद साधणाऱ्या निवेदकाचे भाषण म्हणजे 'कॉन्फेरान्स'. कालांतराने जोडकाम करणारे हे निवेदनच प्रयोगाचा गाभा बनले.

दुसरी लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे तत्कालीन डच समाजाची रचना. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा समाज कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी व उदारमतवादी अशा गटांत विभागलेला होता. समाजशास्त्रज्ञ या रचनेस 'स्तंभीकरण' म्हणतात. प्रत्येक स्तंभाच्या शाळा, संघटना, वृत्तपत्रे आणि नभोवाणी संस्था निराळ्या होत्या. १९२५ मध्ये स्थापन झालेली 'वारा' ही नभोवाणी संस्था समाजवादी स्तंभाची होती. अशा विभागलेल्या समाजात सर्वांनी एकाच वेळी, एकाच गोष्टीवर हसणे ही सहज घडणारी बाब नव्हती.

विम कान यांचे कार्य :

या परंपरेचे जनकत्व विम कान (१९११–१९८३) यांच्याकडे जाते. त्यांचे वडील १९२० च्या दशकात गृहमंत्री होते. त्यामुळे ज्या वर्गाची थट्टा कान पुढे आयुष्यभर करणार होते, तो वर्ग त्यांनी घरातूनच पाहिला होता. १९३६ मध्ये त्यांनी पत्नी कोरी फोंक यांच्यासह 'एबीसी कॅबरे' ही मंडळी स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे दांपत्य डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, अडकले. जपानी सैन्याने दोघांनाही बंदिवासात टाकले आणि कान यांना ब्रह्मदेशातील कुप्रसिद्ध रेल्वेमार्गाच्या कामावर धाडण्यात आले.

३१ डिसेंबर १९५४ रोजी 'वारा'च्या नभोवाणीवरून कान यांनी पहिले वर्षअखेरीचे भाषण सादर केले. त्यानंतर ते दरवर्षी नव्हे, तर काही वर्षांच्या अंतराने हे भाषण करीत. समाजवादी संस्थेवरून प्रसारित होत असले तरी त्याचा श्रोता एका स्तंभापुरता मर्यादित राहिला नाही. कान यांची पद्धत सौम्य होती. मंत्र्यांची नावे घेऊन ते त्यांच्या लकबींवर, शब्दांवर व फसलेल्या आश्वासनांवर बोट ठेवीत. पण घाव खोलवर जाणार नाही याची दक्षता घेत. परिणामी कान यांनी आपले नाव घ्यावे यात राजकारण्यांना अपमानापेक्षा मान वाटू लागला. ज्याची थट्टा होत नाही तो महत्त्वाचा नाही, असा एक अलिखित संकेतच रूढ झाला.

१९७३ मध्ये हे भाषण प्रथमच दूरचित्रवाणीवर आले. त्या वर्षी योप देन आउल यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले होते. तेलसंकटामुळे नोव्हेंबरपासून रविवारी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी घालण्यात आली होती. चिंतेच्या या वातावरणात वर्षाचा हास्यमय हिशेब हा एक प्रकारे सामुदायिक विधी ठरला. कान यांचे अखेरचे भाषण १९८२ मध्ये झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

हास्याची मर्यादा :

कान यांच्या सौम्यतेचे मूल्यमापन करताना १९७१ ची घटना दृष्टिआड करता येत नाही. त्या वर्षी जपानचे सम्राट हिरोहितो यांनी नेदरलँड्सला भेट दिली. मंत्र्यांना हसत हसत क्षमा करणाऱ्या कान यांनी या भेटीला जाहीर विरोध केला. रेल्वेमार्गावर मेलेल्या सहकाऱ्यांची स्मृती त्यांच्या दृष्टीने विनोदाचा विषय नव्हती. यावरून असे म्हणता येते की, ज्या सत्तेशी आपले अंतिमतः जमणार आहे तिच्याशीच सौम्य विनोद शक्य असतो. जिथे अन्यायाचा हिशेब मिटलेला नाही, तिथे विनोदकारालाही विनोद बाजूला ठेवावा लागतो.

कानोत्तर कालखंड :

१९८० च्या दशकात फ्रेक दे योंगे, सेथ खाइकेमा आदी कलावंतांनी ही परंपरा आपापल्या मार्गाने पुढे नेली. तथापि खरे वळण १९८९ मध्ये यूप फान त हेक यांच्या भाषणाने मिळाले. त्यांचा रोख मंत्र्यांपेक्षा सुखवस्तू मध्यमवर्गावर, म्हणजे समोर बसलेल्या प्रेक्षकांवरच होता. हायनेकेन कंपनीची 'बकलर' ही अल्कोहोलविरहित बिअर पिणाऱ्यांची त्यांनी अशी रेवडी उडविली की, ती बाटली हाती धरणे लोकांना लाजिरवाणे वाटू लागले. खप कोसळला आणि १९९३ मध्ये कंपनीने ही बिअर डच बाजारातून मागे घेतली. ज्या वर्षी बर्लिनची भिंत कोसळली, त्या वर्षाच्या भाषणातून लोकस्मृतीत उरली ती बिअरची एक बाटली, ही बाब उद्बोधक आहे. अनेक दशकांच्या थट्टेने एखादे मंत्रिमंडळ पडल्याचे उदाहरण नाही. ग्राहकाच्या प्रतिष्ठेला लागलेला एक टोमणा मात्र बाजारपेठेस पुरून उरला.

२००२ मध्ये राजकीय नेते पिम फोर्ताउन यांची, तर २००४ मध्ये चित्रपट दिग्दर्शक थेओ फान खोख यांची हत्या झाली. शब्दाची किंमत प्राणाने मोजावी लागू शकते, हे या घटनांनी डच समाजास दाखवून दिले. त्यानंतरच्या काळात उपहासाच्या मर्यादांचा प्रश्न अधिक तीव्र झाला. दुसरीकडे खासगी वाहिन्यांच्या आगमनाने भाषणांची संख्या वाढली. एका रात्री एकच आवाज ही स्थिती संपली आणि अनेक कलावंत डिसेंबर महिन्यात नाट्यगृहांतून आपापला वार्षिक आढावा मांडू लागले. २०१५ मध्ये हेर्मान फिंकर्स, २०१६ मध्ये क्लाउडिया दे ब्राय, २०१८ मध्ये मार्क-मारी हाउब्रेख्त्स यांनी सार्वजनिक वाहिनीवर ही जबाबदारी पार पाडली. महासाथीच्या २०२० या वर्षाचा हिशेब पुन्हा यूप फान त हेक यांनी मांडला.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, ही परंपरा विभागलेल्या समाजात सामायिक स्मृती निर्माण करण्याचे साधन ठरली. विनोद कळण्यासाठी घटना माहीत असावी लागते. म्हणून प्रत्येक भाषण हे त्या वर्षी सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींची एक नोंदवहीच होय. दुसरी, सौम्य थट्टेने सत्तेला जाब विचारण्यापेक्षा तिला घरगुती व सुसह्य बनविले. तिसरी, उपहासाचा रोख राज्यकर्त्यांकडून नागरिकांकडे वळला तेव्हा त्याचा परिणाम अधिक प्रत्यक्ष झाला. अर्थात, यावरून सौम्य विनोद निरर्थक ठरत नाही. युद्धाच्या आठवणी ताज्या असताना, विरोधी गटांतील माणसांना एका रात्रीपुरते एकत्र हसविणे हेही सामाजिक कार्यच होते. परंतु हसून झाल्यावर हिशेब मिटला असे समाजाने मानू नये, हा इशारा स्वतः विम कान यांच्या १९७१ च्या भूमिकेत दडलेला आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणूनच या भाषणांतील हशाइतकीच त्यांतील मौनाचीही नोंद घ्यावयास हवी.